ज्येष्ठागौरी घरी बसवताना: नक्षत्राच्या वेळेपासून मुखवट्याच्या तोलापर्यंत

गौरींच्या कहाणीतली गौर दोनच खड्यांची आहे. तळ्याच्या पाळी जावं, दोन खडे आणावे, ऊन पाण्यानं धुवावे, ज्येष्ठागौर आणि कनिष्ठागौर म्हणून त्यांची स्थापना करावी. दुसऱ्या दिवशी घावन-गोड, तिसऱ्या दिवशी खीर-पोळीचा नैवेद्य दाखवावा, सवाष्णीची ओटी भरून तिला जेवू घालावं आणि संध्याकाळी हळदकुंकू वाहून बोळवण करावी. व्रताचा गाभा एवढाच. मुखवटे, स्टँड, पैठण्या, सोळा भाज्या, आरास हे सगळं त्याभोवती हौसेनं वाढत गेलं. हे आधीच सांगितलं, कारण ऐनवेळी माणसं कमी पडली किंवा हात पोचेना झाले, तर काय सोडायचं आणि काय नाही ते यावरून ठरवता येतं. रोषणाई सोडा, सोळाऐवजी पाच भाज्या करा. नक्षत्राची वेळ, सवाष्णीचं जेवण आणि बोळवण मात्र सोडू नका.

आपल्या घरच्या गौरी कोणत्या

कोकणस्थांकडे बहुधा खड्याच्या गौरी असतात. नदीवरून, विहिरीवरून किंवा तळ्यावरून रीतीप्रमाणे दोन, पाच किंवा सात खडे आणतात. आणणारी कुमारिका किंवा सवाष्ण वाटेत बोलत नाही आणि मागे वळून पाहत नाही. कोकणातल्या बऱ्याच घरांत तेरड्याची गौर असते: मुळासकट उपटलेली तेरड्याची रोपं एकत्र बांधून त्यांना मुखवटा लावतात आणि साडी नेसवतात. देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात उभ्या मुखवट्याच्या गौरी. मराठवाडा-विदर्भात त्यांना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्यापुढे अनेकदा दोन बाळंही उभी करतात. कुठे सुगडांच्या उतरंडीवर मुखवटा ठेवतात, कुठे कागदावरच्या चित्राचीच पूजा होते. यातला कुठलाही प्रकार दुसऱ्याहून कमी नाही. दुसरीकडची आरास पाहून खड्याच्या घरी मुखवटे आणायची घाई नको. आणायचेच असतील तर घरातल्या मोठ्यांना विचारून आणा, कारण एकदा उभ्या केलेल्या गौरी पुढे दरवर्षी उभ्या कराव्या लागतात.

खडे निवडताना लिंबाएवढे, बुडाशी सपाट आणि ताम्हणातल्या तांदळावर आपोआप उभे राहतील असे निवडा. गोल गुळगुळीत खडा पूजेत फूल वाहिलं की घरंगळतो. तेरडा दुसऱ्या दिवशी मान टाकतो. त्याच्या मुळांची माती झाडू नका, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून लहान भांड्यात ठेवा आणि भांड्याभोवती प्लॅस्टिकचा कागद बांधा, म्हणजे साडी भिजणार नाही.

वेळ नक्षत्राची

गणपती तिथीवर येतो, गौरी नक्षत्रावर. भाद्रपद शुक्ल पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन आणि मूळ नक्षत्रात विसर्जन. सत्तावीस नक्षत्रांत ही सतरावं, अठरावं आणि एकोणिसावं, म्हणजे सलग तीन दिवस. म्हणून गौरी दरवर्षी गणपतीनंतर ठरावीक दिवशी येत नाहीत. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि आवाहन १० सप्टेंबरला होतं. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आणि आवाहन ३१ ऑगस्टला. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी आल्या म्हणून यंदाही चौथ्याच दिवशी येतील, असं धरून चालणाऱ्यांची फसगत होते.

चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, पण त्याचा वेग सारखा नसल्यामुळे हा काळ २१ ते २७ तासांच्या दरम्यान पुढेमागे होतो. त्यामुळे एखाद्या वर्षी आवाहनाला रात्रीपर्यंत सवड मिळते, एखाद्या वर्षी दुपारीच आटपावं लागतं. आपल्या घरी जे पंचांग चालतं त्यात आवाहन आणि विसर्जनासमोर दिलेली वेळ महिनाभर आधी पाहून ठेवा आणि कामाची आखणी त्या वेळेपासून उलटी करा. समजा, अनुराधा संध्याकाळी साडेपाचला संपतं. मग मुखवटे पाचच्या आत जागेवर हवेत, दारापासूनची मिरवणूक साडेचारला सुरू व्हायला हवी, दुपारी दोनपर्यंत दागिने घालून झालेले हवेत आणि साड्या आदल्या रात्रीच नेसवलेल्या हव्यात. घाई जवळपास नेहमी साडीपाशी होते.

सांगाडा

जुनी पद्धत अशी: खाली लोखंडी अडणी, म्हणजे तिवई, तिच्यावर धान्यानं भरलेली पत्र्याची कोठी, कोठीवर तांब्या आणि तांब्यावर मुखवटा. काही घरी कोठीत धान्याबरोबर लाडू-करंज्यांचा फराळही ठेवतात. कोठीतले गहू किंवा तांदूळ समृद्धीचं प्रतीक आहेतच, शिवाय वजन तळाशी ठेवण्याचं कामही तेच करतात. आता बहुतेक घरी लोखंडी स्टँड आले आहेत: गोल किंवा चौकोनी बैठक, मधली दांडी, कमरेचं कडं, खांद्याची आडवी पट्टी आणि वर मुखवट्याचा खुंट. हे हलके असतात, आणि पितळी मुखवटा बसला की सगळं वजन वर जातं.

चौरंग किंवा टेबल भिंतीपासून एक हात पुढे घ्या, कारण मागून पदर लावायला माणूस आत शिरू शकला पाहिजे. चौरंग डगमगत असेल तर पायाखाली पुठ्ठा न घालता लाकडाची पातळ चकती घाला. पुठ्ठा दमट हवेत बसतो आणि तिसऱ्या दिवशी गौर कललेली दिसते. स्टँडच्या बैठकीवर दोन विटा किंवा चार-पाच किलो वाळूची पिशवी ठेवून सुतळीनं घट्ट बांधा. मग साडी नेसवण्याआधीच मुखवटा एकदा खुंटावर ठेवून पाहा आणि खांद्याला एका बोटानं हलका धक्का द्या. गौर हलून परत सरळ झाली पाहिजे. हलतच राहिली तर दांडीचे नटबोल्ट ढिले आहेत. पुढे कलली तर वजन मागच्या बाजूला सरकवा. ही परीक्षा नेसवल्यावर घेण्यात अर्थ नाही, तेव्हा काही दुरुस्त करता येत नाही.

खुंट मुखवट्याच्या गळ्यात सैल बसत असेल तर खुंटाभोवती सुती कापडाची पट्टी गुंडाळत जा, मुखवटा किंचित दाबून बसवावा लागेल इतकी. वर्तमानपत्राचा बोळा कोंबू नका, तो काही तासांत दबतो आणि मुखवटा एका बाजूला फिरतो. आता दृष्टी पाहा. चौरंगावर उभ्या गौरीचा चेहरा समोर सरळ ठेवला तर नजर माणसांच्या डोक्यावरून जाते. पूजेला बसणारा जमिनीवर असतो, म्हणून मुखवटा अगदी किंचित, दोन बोटांएवढा, पुढे झुकवा. पाटावर बसून वर पाहिलं की डोळ्यांत डोळे मिळाले पाहिजेत. एवढ्याशा फरकानं गौर बोलकी दिसते.

साडी

साडी निवडताना पोत महत्त्वाचा. सुती, कॉटन-सिल्क किंवा कडक काठाची रेशमी साडी निऱ्या धरून ठेवते. जॉर्जेट आणि शिफॉन घसरतात, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत पदर खांद्यावर राहत नाही. नवी साडी असेल तर एकदा उलगडून इस्त्री करा, कारखान्याच्या घडीची रेघ निऱ्यांमधून उठून दिसते.

आधी कमरेच्या कड्याभोवती जुना पंचा किंवा टॉवेल दोन-तीन वेढे गुंडाळून बांधा. त्यावर सुती परकर. हा भराव नसेल तर निऱ्या दांडीकडे आत पडतात आणि साडी तारेवर वाळत घातल्यासारखी लोंबते. रेशमी परकर टाळा, त्यावरून सगळंच निसटतं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो, आणि गौरीची कंबर जमिनीपासून बरीच कमी उंचीवर. समजा कमरेचं कडं बैठकीपासून ३० इंचांवर आहे. मग वरची १५ इंच साडी आत दुमडायला हवी. पुष्कळ जण ती नेसवताना हातानं अंदाजे खोचत जातात, म्हणून खालचा काठ लाटेसारखा वरखाली होतो. त्याऐवजी साडी सतरंजीवर पसरा, पदराचा भाग सोडून बाकी लांबीभर वरची कड पट्टीनं मोजून सारखी दुमडा आणि इस्त्री फिरवा. काठ बैठक झाकेल इतका, एखादा इंच खाली येईल असा हिशेब धरा. दोन्ही गौरींच्या साड्यांना एकच माप ठेवा, म्हणजे शेजारी उभ्या केल्यावर काठ एका रेषेत येतात.

पदराकडून सुरुवात करा. पदराचे चार-पाच उभे चुण्यांचे पट्टे करून खांद्यापाशी येणाऱ्या जागी पिन लावा आणि पदर बाजूला ठेवा. उरलेल्या साडीचं टोक उजव्या कमरेला खोचून एक वेढा मागून पुढे आणा आणि मधल्या सगळ्या कापडाच्या निऱ्या घाला. निरी तीन इंचांची, बारा ते पंधरा निऱ्या पुरेत. वर एक मोठी पिन लावा, खाली काठापाशी कपड्यांचे चिमटे लावा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी चिमटे काढून निऱ्या पंख्यासारख्या पसरल्या की त्या जागच्या हलत नाहीत. नऊवारी नेसवायची तर तिचं कापड सव्वाआठ मीटरच्या आसपास असतं. काष्टा दिसण्यापुरता पुढून घ्या आणि उरलेलं कापड भराव म्हणून मागे गुंडाळा, कापू नका.

क्रम पाळा: आधी पोलकं, मग हात, मग पदर, मग कमरपट्टा. पदर आधी लावला तर हात बसवताना तो उसवावाच लागतो. रेशमी साडीला पिन लावताना खाली कापडाचा लहान तुकडा धरा, नाहीतर वजनानं विण ओढली जाते.

दागिने गळ्यालगतचे आधी: वज्रटीक, ठुशी, मग मंगळसूत्र, कोल्हापुरी साज, मोहनमाळ, सर्वांत शेवटी चपलाहारासारखे लांब. मुखवटा आणि पोलक्याच्या मधली फट वज्रटीकेनं झाकली जाते. नथीला भोक नसेल तर पांढऱ्या मेणाचा मुगाएवढा गोळा पुरतो. खरे दागिने घालत असाल तर त्यांची यादी लिहून ठेवा, कारण विसर्जनाच्या गडबडीत ते निर्माल्याबरोबर जाण्याची भीती असते. फुलांचा हार मुखवट्याच्या गळ्यात कधीही अडकवू नका. शेवंतीचा ओला हार दिसतो त्यापेक्षा जड असतो आणि मुखवट्याला पुढे ओढतो. खांद्याच्या पट्टीला मागच्या बाजूनं दोन दोऱ्याचे फास बांधून हार त्यात अडकवा.

रूप

उभ्या गौरी शस्त्रं घेत नाहीत. दोन हात, भरजरी साडी, नथ, समोर धान्याच्या राशी: हे माहेरी आलेल्या लेकीचं रूप आहे. विदर्भात महालक्ष्मी म्हणत असले तरी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीशी त्याचा गोंधळ करू नये. तिथे देवी चतुर्भुज आहे आणि तिच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. दक्षिणेत ज्येष्ठा नावाच्या देवीची निराळीच मूर्तिपरंपरा होती: बसलेली, स्थूल, सोबत कावळ्याचा ध्वज आणि शेजारी दोन जणं. कांचीपुरमच्या कैलासनाथ मंदिरात असं शिल्प आहे. पुराणांत ही ज्येष्ठा समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी आलेली तिची थोरली बहीण, अलक्ष्मी. महाराष्ट्रातल्या गौरींच्या मागे सांगितली जाणारी कथा मात्र निराळी आहे. असुरांनी गांजलेल्या स्त्रिया गौरीला शरण गेल्या आणि तिनं भाद्रपद शुक्ल अष्टमीला असुरांचा संहार करून त्यांचं सौभाग्य राखलं. थोरली आणि धाकटी अशी जोडी घरात एकत्र, सारख्या मानानं पुजली जाते. थोरलीची साडी भारी आणि धाकटीची साधी, असं करू नका.

ज्येष्ठा कोणती आणि कनिष्ठा कोणती हे दरवर्षी आठवत नाही. मुखवट्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं ‘ज्ये’ आणि ‘क’ लिहून ठेवा.

आवाहन

मुखवटे आदल्या दिवशी साफ करून ठेवा. पितळी मुखवट्याला चिंच आणि मीठ चालतं, पण डोळे आणि ओठ रंगवलेले असतील तर तिथे ते लागू देऊ नका, रंग जातो. शाडूचा मुखवटा कोरड्या मऊ कुंचल्यानं झटका, पाण्याचा थेंबही नको.

दारापासून गौरीच्या जागेपर्यंत हळदीकुंकवाची किंवा रांगोळीची पावलं काढा. पावलांची बोटं घराच्या आत जाणारी असावीत. एक दाराबाहेर आणि एक आत अशा दोघी सवाष्णी असल्या तर चांगलं. मुखवटे सुपात किंवा ताम्हणात खणानं झाकून बाहेर नेतात. आणणारीच्या पायांवर दूध-पाणी घालून कुंकू लावतात आणि भाकरतुकडा ओवाळून टाकतात. मग आतली विचारते, ‘गौर आली, कशाच्या पावलांनी आली?’ बाहेरची उत्तर देते, ‘हळदीकुंकवाच्या पावलांनी आली,’ आणि पुढच्या प्रत्येक पावलाला सोन्यामोत्यांच्या, धनधान्याच्या, लेकराबाळांच्या अशी उत्तरं येत राहतात. ताटली-चमचा वाजवत स्वयंपाकघर, धान्याची जागा, कपाट, गोठा असेल तर गोठा दाखवून मुखवटे आणतात आणि तयार केलेल्या सांगाड्यावर बसवतात. मुखवटा बसतो तो क्षण नक्षत्राच्या वेळेत हवा. नंतरची आरती थोडी पुढेमागे झाली तरी चालते.

पहिल्या दिवशी नैवेद्य साधा: भाकरी आणि शेपू किंवा मेथीसारखी पालेभाजी. प्रवासानं दमून आलेल्या लेकीला कोणी पहिल्याच रात्री पक्वान्नं वाढत नाही.

पूजन

पूजेला बसण्याआधी उजव्या हाताशी सगळं आहे ना ते पाहा: हळद, कुंकू, अक्षता, गंध, कापसाची वस्त्रं, पत्री (आघाडा, तेरडा, केना, दूर्वा, मिळेल ती मिळून सोळा), केवडा, धूप, निरांजन, पंचामृत, विड्याची पानं, सुपाऱ्या, नारळ, खण. आचमन, संकल्प, गणपतीचं स्मरण, कलश-शंख-घंटेची पूजा आणि मग गौरींचे षोडशोपचार हा क्रम. शाडू किंवा पीओपीच्या मुखवट्यावर अभिषेक करायचा नसतो. समोर ताम्हणात सुपारी किंवा नाणं ठेवून त्यावर करा आणि मुखवट्यावर फुलानं फक्त प्रोक्षण, म्हणजे पाण्याचा नावापुरता शिंतोडा. ओलं कुंकू शाडूवर लावलं तर पुढच्या वर्षी डाग राहतो, कोरडं कुंकू मेणावर लावा.

सोळा पदरी दोऱ्याला काही घरी पोतं म्हणतात. कच्च्या सुताचे दोन टोकांमध्ये सोळा वेढे घ्या. हळदीत बुडवून सावलीत पूर्ण वाळू द्या. ओलसर दोरा गौरीच्या गळ्यात घातला की पिवळा ओघळ थेट साडीवर येतो. वाळला की कुंकवाची बोटं लावून वाहतात. गाठी आज नाही, तिसऱ्या दिवशी.

कहाणी जरूर वाचा, आणि वाचताना सगळ्यांच्या हातात अक्षता असू द्या. मुलं गौर मागतात, घरात काही नसतं, बाप तळ्यावर जीव द्यायला जातो, तिथे म्हातारी भेटते आणि कण्यांचं रिकामं मडकं भरून निघतं. ही गोष्ट ऐकल्याशिवाय तिसऱ्या दिवशी वाळू का आणायची ते मुलांना कळत नाही.

नैवेद्य

पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, सोळा भाज्या, कोशिंबिरी, चटण्या, आंबील, खीर. कोकणात घावन-घाटलं. कोकणातल्या काही घरांत तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्यही कुळाचारात आहे. तो ज्यांचा आहे त्यांनी निःशंक करावा.

एक किलो हरभरा डाळीला एक किलो गूळ घेतला की मध्यम आकाराच्या पस्तीस-चाळीस पोळ्या होतात. डाळ शिजल्यावर कट पूर्ण निथळा, किमान अर्धा तास चाळणीत. पुरण सैल होतं ते याच टप्प्यावर, आणि मग ते कितीही आटवलं तरी पोळी फुटते. पुरणात उलथनं उभं राहिलं की गॅस बंद.

आंबिलीसाठी एक वाटी ज्वारीचं पीठ दोन वाट्या आंबट ताकात रात्रभर भिजवा. पाच वाट्या पाणी मीठ, जिरं, ठेचलेलं आलं आणि खोबऱ्याचे काप घालून उकळा, मग भिजवलेलं पीठ धारेनं ओतत सतत ढवळा आणि बारा-पंधरा मिनिटं मंद आचेवर शिजवा. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होणारच. गार झाल्यावर आंबील दाटते, म्हणून पळीतून सहज वाहते आहे तोवरच उतरवा.

सोळा भाज्या वेगवेगळ्या करणं शक्य नसेल तर सोळांची एकच भाजी पुष्कळ घरी करतात. प्रत्येकी १०० ग्रॅम धरली तर १ किलो ६०० ग्रॅम होते, पंचवीस-तीस पानांना पुरते. सुरण, भोपळा, गवार आधी. मग दोडका, पडवळ, भेंडी, घोसाळी. पालेभाज्या सर्वांत शेवटी. कारल्याच्या दोनच चकत्या घाला, ते १०० ग्रॅम घातलं तर सगळी भाजी कडू होते.

आरतीचे सोळा दिवे पुरणाचे किंवा कणकेचे. कणकेचे दिवे दहा-बारा मिनिटं वाफवून घ्या, कच्च्या दिव्याला चीर जाऊन तूप झिरपतं. पुरणाच्या दिव्यात वरून तूप ओतू नका, तो ढासळतो. तुपात भिजवलेली फुलवात पुरेशी आहे. दिव्यांचं ताट साडीच्या काठापासून हातभर लांब. समई बाजूला, आणि पंखा बंद.

पान वाढताना मीठ वर मध्ये, चटण्या-कोशिंबिरी डावीकडे, भाज्या-आमटी उजवीकडे. इथे डावं-उजवं गौरीचं धरायचं. वाढणारा समोर उभा असल्यामुळे त्याच्या नजरेनं सगळं उलटं होतं, आणि ही चूक अनुभवी हातांकडूनही होते. सवाष्णीला गौरीसारखंच पान वाढा, तिची ओटी भरा: खण, नारळ, तांदूळ किंवा गहू, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. संध्याकाळी हळदीकुंकू.

बोळवण

तिसऱ्या दिवशी सकाळी सुताच्या गाठी पाडतात. हळदकुंकू, झेंडूचं पान, काशीफळाचं फूल, रेशमी धागा, सुकामेवा असा एकेक जिन्नस गाठीत घालत जातात. झेंडूचं पान लहान घ्या, मोठं पान गाठ आवळताना तुटतं. ही सुतं घरातल्या स्त्रिया गळ्यात घालतात.

शेवयांची खीर आणि भाजलेला उडदाचा पापड, किंवा दहीभात, असा निरोपाचा नैवेद्य. पंचांगातली मूळ नक्षत्राची वेळ साधून आरती करा, ‘पुनरागमनाय च’ म्हणून अक्षता वाहा आणि मुखवटा जागेवरून किंचित हलवा. तेवढ्यानं उत्थापन, म्हणजे देवीला जागेवरून उठवणं, होतं. लगेच साडी सोडायला घेऊ नका, मुखवटे संध्याकाळपर्यंत तसेच राहू द्या. खड्यांच्या आणि तेरड्याच्या गौरी पाण्यात सोडतात. पाण्याहून परतताना काठची मूठभर वाळू किंवा पाच खडे आणतात आणि घरभर, धान्याच्या डब्यांवर, गोठ्यात टाकतात. कहाणीतल्या म्हातारीनं जाताना दिलेली वाळू ती हीच.

पुढच्या वर्षासाठी

दागिने यादीशी ताडून निर्माल्य उचला. साडीवरच्या पिना वरून खाली काढत या. खालून काढल्या तर वरचं वजन एका पिनेवर येतं आणि कापड फाटतं. कोठीतलं धान्य घरात वापरायचं असतं, ते पुढच्या वर्षापर्यंत भरून ठेवू नका, किडतं. पितळी मुखवटे धुऊन पूर्ण कोरडे करून मलमलीत गुंडाळा. शाडूचे मुखवटे कापसाच्या गादीवर, चेहरा वर ठेवून, प्रत्येकाला वेगळी पेटी. त्यांच्याजवळ डांबरगोळ्या नकोत, रंग चिकट होतो. चांदीच्या मुखवट्याला वर्तमानपत्र लावू नका, काळा पडतो. डोळ्यांचा रंग उडाला असेल तर मूर्तिकाराकडे आषाढातच द्या. श्रावणात त्यांच्याकडे गणपतीचं काम असतं. स्टँडचे नटबोल्ट एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी स्टँडलाच बांधा, आणि कमरेच्या कड्याची उंची व दुमडीचं माप चिठ्ठीवर लिहून त्याच पिशवीत ठेवा.